गोलकीपरचे चाळीस हजार

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना मी जुगाराचा अड्डा समजून एक भिशी पकडली. अकरा माणसं, एक वही, रोख चाळीस हजार, दोन पंच, सगळं रीतसर. ती घटना आजही आठवते असं लिहायची पद्धत आहे. मला आठवायची मेहनत घ्यावी लागत नाही. जालन्यात भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी मागून विचारतं, "साहेब, आमच्या गल्लीतबी भिशी हाये, येता काय?"

नावं कुणाचीच देणार नाही. माझंही देत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एमआयडीसीचा बराचसा भाग येत होता. लोखंडी सळ्यांच्या मिला, बियाण्यांचे कारखाने, आणि पाळी सुटली की रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा. गुन्हेही तसेच. भंगाराची चोरी, डिझेलची चोरी, पगाराच्या दिवशीची मारामारी. सकाळी हजेरी घ्यायची, स्टेशन डायरीवर नजर टाकायची, तोवर काल एकमेकांची डोकी फोडलेले दोघं गळ्यात हात घालून तक्रार मागे घ्यायला आलेले असायचे. अशा ठाण्यात जुगाराची चांगली केस मिळाली की अधिकाऱ्याला बरं वाटतं. मला जरा जास्तच बरं वाटलं.

खबर आणली एका पानटपरीवाल्याने. माझा जुना खबऱ्या.

"सायेब, मिलच्या मागं फुटबॉलचं मैदान हाये ना, तिथल्या पत्र्याच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या इतवारी पैसे लागून राह्यले. फुटबॉलवर."

"किती?"

"चाळीसेक हजाराचा खेळ हाये."

"तुला कुणी सांगितलं?"

"सायेब, पानाच्या टपरीवर कोणी सांगत नसतं. ऐकू येतं."

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी पुढे काही विचारलंच नाही. तोच प्रश्न आणखी एकदा विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मैदानावरचा क्लब मिलमधल्या कामगारांनी उभा केलेला होता. मराठवाड्यातल्या आठ क्लबांची एक लीग होती, तिच्यात तो खेळत होता. लीग व्यावसायिक, म्हणजे खेळाडूंना महिन्याला मानधन. क्लबचा अध्यक्ष एक लोखंडाचा व्यापारी, सचिव एक निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. माझी फुटबॉलची माहिती इथे संपत होती. ऑफसाइड मला आजही कळत नाही, आणि समजावून सांगणाऱ्याला तो कळलेला असतो यावर माझा विश्वास नाही.

खबरीची खात्री करायची म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी साध्या वेशात गेलो. साधा वेश म्हणजे मुलाचा ट्रॅकसूट. पत्र्याच्या खोलीबाहेर बाकावर बसून सराव बघतोय असं दाखवलं. एका बाईने न विचारता पोह्यांची बशी हातात दिली. मिलजवळ तिची खानावळ होती, खेळाडू तिथेच जेवत. सगळे तिला काकू म्हणत. मी पोहे खात कान खोलीकडे लावले. आतून आवाज आले.

"पाच सोडले."

"सात."

"आठ हजार सोडले माह्या बाजूनं."

"अजून कोणी? न्हाई? मंग उचल तू."

मग नोटा मोजल्याचा आवाज. खिडकीतून टेबलावर एक वही दिसली. तिच्यात नावं नव्हती, आकडे होते. सात नंबर, दहा नंबर, चार नंबर, आणि प्रत्येकापुढे रक्कम. खेळाडूंच्या नंबरावर बोली लागते आहे, याहून स्पष्ट पुरावा काय हवा होता? मी ठाण्यात येऊन वरिष्ठांना असा काही अहवाल लिहिला की झडतीचं वॉरंट मिळायला अडचण आली नाही. ट्रॅकसूटचा उल्लेख अहवालात केला होता. 'वेशांतर करून' असा.

पुढच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही छापा टाकला. खोलीत अकरा जण होते. मास्तर, काकू, एक बुटांचा दुकानदार, एक टेम्पोवाला, बाकीचे खेळाडू आणि मिलचे कामगार. टेबलावर पाचशेच्या नोटांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यासमोर एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस खुर्चीवर ताठ बसलेला. क्लबचा गोलकीपर. पळून कुणीच गेलं नाही. अड्ड्यावरून कुणी पळत नाही हे मला तिथेच खटकायला हवं होतं. मी ते आमच्या पथकाच्या दराऱ्याच्या खात्यात जमा केलं.

पंचनाम्यासाठी दोन पंचांसमोर नोटा मी स्वतः मोजल्या. एकोणऐंशी भरल्या.

"पुन्हा मोजा," काकू म्हणाल्या. "ऐंशी हायेत. पाचशे कमी लिहिले तर कुठून आणू मी?"

पुन्हा मोजल्या. ऐंशीच होत्या.

"हे काय चाललंय इथे?" मी मास्तरांना विचारलं.

"भिशी आहे साहेब."

माझ्या सगळ्या नोकरीत जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणाला होता. पत्ते हातात असतानाही म्हणाले आहेत. मी नुसता हसलो. ते हसणं काकूंनी नीट बघून ठेवलं.

ठाण्यात आणल्यावर चौकशी सुरू केली ती गोलकीपरपासून. पैसे त्याच्यापुढे होते, म्हणजे जिंकलेला तोच. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा राहणारा, घरी शेती, बोलणं मोजकं.

"हे पैसे कुणाचे?"

"माहे."

"कसे मिळाले?"

"मिळाले न्हाईत अजून. तुम्ही उचलले."

"मिळणार कशाचे होते?"

"गोल अडवल्याचे."

मी खुर्ची पुढे ओढली. चौतीस वर्षांच्या अनुभवाने आवाज खाली आणला. "अडवल्याचे, का सोडल्याचे?"

त्याने माझ्यावरून नजर काढली. मग शेजारी उभ्या असलेल्या आमच्या महिला हवालदाराला म्हणाला, "ताई, यांच्याहून मोठे सायेब कोणी हायेत का?"

एवढा उद्धटपणा गुन्हेगारच करू शकतो असा माझा निष्कर्ष निघाला. दुपारी बाराच्या सुमारास क्लबच्या अध्यक्षाचा फोन आला. त्याने कारवाईबद्दल अभिनंदन केलं. क्लबला लागलेली कीड साहेबांनी काढली, असं काहीतरी म्हणाला. मी म्हणालो, आमचं कर्तव्यच आहे. अभिनंदन ऐकताना माणूस फार प्रश्न विचारत नाही.

गुन्हा जामीनपात्र होता. दुपारी सगळ्यांना नोटीस देऊन सोडलं. निघताना मास्तर टेबलाशी थांबले. "साहेब, आमच्यावर खटला चालवा, हरकत नाही. पण बुधवारी पाचच्या आत ते पैसे लागतील. नाहीतर क्लब बुडाला."

"मुद्देमाल आहे तो. कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही."

मास्तर चष्मा काढून शर्टाला पुसत बाहेर गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आमची हवालदार वही घेऊन आत आली. मुद्देमालाची नोंद तीच करत होती. कोऱ्या कागदावर तिने पाच आकडे एकाखाली एक लिहून आणले होते. दोन लाख सत्तर हजार. दोन लाख बारा. एक त्रेपन्न. अठ्ठ्याण्णव. चाळीस.

"सर, प्रत्येक पानाच्या खाली ही बाकी लिहिलीये. पाच महिन्यांची पाच पानं."

"मग?"

"सट्ट्याच्या वहीत कुणाचं वाढतं, कुणाचं कमी होतं. इथं सगळ्यांचंच कमी होत चाललंय. आणि शेवटी उरलेत चाळीस हजार. टेबलावर तेवढेच होते." मग वही मिटत म्हणाली, "सर, आमची आई भिशी चालवायची. मला सकाळीच वाटलं होतं."

"सकाळीच का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसत होता, सर."

मी गाडी काढायला सांगितली. मग सांगितलेलं रद्द केलं आणि आम्ही दोघं चालत खानावळीत गेलो. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की गिऱ्हाईक उठून जातं. निदान एवढी समज मला त्या दिवशी शिल्लक होती.

काकू ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मास्तर बाकावर बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, भिशीचं सांगा." ते सांगू लागले, तसतसा मी बाकाच्या कडेकडे सरकत गेलो.

लीगमधले दोन क्लब आधी भर हंगामात बुडाले होते. त्यांच्या खेळाडूंना महिनोन्‌महिने मानधन मिळालं नव्हतं. तेव्हापासून लीगने नियम घातले. क्लबने जेवढं येईल तेवढंच खर्चायचं. अध्यक्षाने खिशातून किती घालायचे त्याला मर्यादा, म्हणजे पैसेवाल्याने मनमानी करून नंतर हात झटकायचे नाहीत. आणि नवा हंगाम सुरू होण्याआधी मागची सगळी देणी मिटवून प्रत्येक येणेकऱ्याकडून 'माझं काही येणं नाही' असा दाखला आणायचा. एक जरी दाखला कमी पडला तरी क्लब लीगबाहेर. परदेशात कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या क्लबांनाही अशाच जातीचे नियम आहेत, असं मास्तर म्हणाले. फरक इतकाच की त्यांची देणी बँकांची असतात आणि यांची होती बुटांची, टेम्पोची, मानधनाची आणि काकूंच्या भाकरीची.

"पण देणी झाली कशी?" मी विचारलं.

"अध्यक्षांनी कागदावर एका बियाणे कंपनीची जाहिरात दाखवली. मैदानावर फलक लावायचा आणि त्याचे वर्षाला तीन लाख. त्या भरवशावर आम्ही बाहेरचे चार खेळाडू घेतले. फलक लागला. पैसे आले नाहीत. कंपनी त्यांच्या मेव्हण्याचीच निघाली. मर्यादेपेक्षा जास्त पैसे स्वतः घालता येत नव्हते, म्हणून मेव्हण्याच्या नावाने घालतो म्हणाले, आणि तेही घातले नाहीत. धंदा मंदावला तसं त्यांनी मैदानावर येणंच सोडलं."

मग ही भिशी निघाली. चाळीस माणसांनी महिन्याला हजार द्यायचे. नेहमीच्या लिलावाच्या भिशीत ज्याला नड जास्त तो जास्त रक्कम सोडतो आणि जमलेले पैसे आधी उचलतो. इथे उचलणारे होते क्लबचे येणेकरी. ज्याला आपले पैसे लवकर हवेत, त्याने आपल्या येण्यातली काही रक्कम सोडायची, उरलेली रोख घ्यायची आणि दाखल्यावर सही करायची. देणारे चाळीस जण परत काही मागणार नव्हते. तसं त्यांनी वर्गणी म्हणून लिहून दिलं होतं, कारण एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढलं तर लीग तेही मोजते. तीन खेळाडूंचं नाव एकच, म्हणून वहीत जर्सीचे नंबर.

"म्हणजे आठ हजार सोडले ते..."

"बुटवाले," काकू म्हणाल्या. "मी तेरा सोडले, पहिल्याच महिन्यात. तुम्ही आल्ते तेव्हा माहं मिटून गेल्तं."

"मी आलो होतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"ट्रॅकसूट घालून काळे बूट कोण घालतं? आम्हाला वाटलं मैदानाचं काही बघायला आले असतील. म्हणून पोहे दिले."

आमच्या हवालदाराने तोंड फिरवून भिंतीवरची जेवणाच्या दरांची पाटी वाचायला घेतली.

शेवटी उरला होता गोलकीपर. चार महिन्यांचे चाळीस हजार. त्याने एक रुपयाही सोडायचं नाकारलं होतं आणि कुणी त्याला त्यावरून बोललं नव्हतं. त्याचे पैसे पुरते मिळावेत म्हणून पाचवा महिना अख्खा त्याच्यासाठी ठेवला होता. तो खुर्चीवर ताठ बसला होता तो सही करायला. पेन काढलं होतं. तेही आम्ही जप्त केलं होतं.

"आता तो कुठे आहे?"

"गावाकडं गेला चारच्या गाडीनं," काकू म्हणाल्या. "फोन बंद करून. म्हणला, पैसे मागितले तर चोर ठरवतेत, मला नको तुमचा क्लब."

सोमवारी सकाळी मी आधी पानटपरीवर गेलो आणि तो राहिलेला प्रश्न विचारला. या वेळी बाकावर बसून, निवांत. "तुला कुणी सांगितलं?"

त्याने चुन्याची डबी तीनदा उघडली, तीनदा मिटली. "अध्यक्षाच्या माणसानं, सायेब. म्हणला, भल्या माणसाचं काम हाये, सायबाच्या कानावर घाल. पाचशे रुपये दिले. मला काय ठाऊक, मला वाटलं खरंच जुगार हाये."

"मलाही वाटलं," मी म्हणालो.

आता अभिनंदनाचा फोन आठवला. रविवारी बारा वाजता आमची फिर्यादसुद्धा लिहून झाली नव्हती. छाप्याची बातमी त्याला कुठून? क्लबने दाखले जोडले तर हिशेबही जोडावा लागणार होता, आणि हिशेबात ती न आलेली जाहिरात व तिच्यावरची त्याची सही उघडी पडणार होती. क्लब मुदतीत पोचलाच नाही तर कागद कोण उघडतो? त्याला एक अधिकारी हवा होता. खबर मिळाली की विचार न करता धावणारा. चौकशी करून त्याने नेमका मला निवडला असणार, याचं वाईट वाटतं.

वरिष्ठांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "नोकरी किती राहिली?"

"चौदा महिने, सर."

"ते तुम्ही बसून काढा. आधी कोर्टात जा."

मुद्देमाल परत मागायचा अर्ज मास्तरांनी केला. अशा अर्जाला पोलिसांनी विरोध करायची रीत आहे. मी मात्र अर्जदाराच्या आधी कोर्टात पोचलो होतो. सरकारी वकिलांनी माझं लेखी म्हणणं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. 'वस्तुस्थितीच्या गैरसमजातून छापा टाकला गेला, गुन्हा घडल्याचे दिसत नाही, रक्कम परत करण्यास हरकत नाही.' हे वाक्य लिहायला मला रविवारची अख्खी रात्र लागली होती. 'टाकला गेला' हे मी 'टाकला' असं करत होतो आणि पुन्हा 'टाकला गेला' करत होतो.

सोमवारी नंबर लागला नाही. मंगळवारी दुपारी लागला. न्यायदंडाधिकारी बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या.

"नोकरी किती वर्षं झाली?"

"चौतीस, मॅडम."

"आणि भिशी पहिल्यांदाच पाहिली?"

शपथ घेतलेली नव्हती, तरी खरं बोललो. "नाही मॅडम. घरी मंडळी चालवतात."

त्यांनी मान खाली घालून हुकूम लिहिला. लिहिताना पेन एकदा थांबलं, तेवढंच.

बुधवारी सकाळी सात वाजता मास्तरांच्या हातात पैसे होते, पाचची मुदत होती आणि सही धावड्यात होती. मी त्या दिवशी रजा टाकली. मुलाची जुनी चारचाकी काढली. मास्तर पुढे बसले, मागे काकू पैशांची पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीला मी हात लावू नये यावर त्यांची बारीक नजर होती. भोकरदन मागे पडलं, दोन्ही बाजूंना मक्याची रानं लागली. सगळ्या रस्त्यात काकूंनी मला एकच प्रश्न विचारला. "तो न्हाई म्हणला तर?"

मी गाडीचा वेग वाढवला.

गोलकीपर शेतात मका मोडत होता. आम्हाला बघून त्याने हातातलं कणीस टोपलीत टाकलं, पण बांधाकडे आला नाही. मीच आत गेलो.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. अधिकारी म्हणून हे वाक्य मी फारसं वापरलेलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं. शेजारच्या रानातली माणसंही सरळ उभी राहिली.

"कशात?"

"सगळ्यात. भिशीला जुगार म्हणालो. तुला गोल सोडणारा म्हणालो."

"ते लागलं," तो म्हणाला. "जुगाराचं जाऊ द्या. सात मॅच मी एक गोल खाल्ला न्हाई. तेबी चार महिने पगाराबिगर. अन् तुम्ही म्हणता सोडल्याचे का."

"बरोबर आहे तुझं."

काकू पिशवी घेऊन पुढे आल्या. "घे बाबा, मोजून घे. अन् सही कर. पाच वाजेपर्यंत टाइम हाये."

त्याने हात पुढे केला नाही. "यांच्या हातचे न्हाईत ना?"

"न्हाई रे. मी हात लावू दिला न्हाई."

मग तो बांधावर बसला आणि ऐंशी नोटा मोजल्या. पहिल्याच वेळी ऐंशी भरल्या. मास्तरांनी दाखला पुढे केला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. वाचता वाचता म्हणाला, "सगळ्यांनी सोडलं अन् मी सोडलं न्हाई, म्हणून तुम्हाला राग आला असंल मास्तर."

"आला नाही."

"आला असता तरी मी सोडलं नसतं. ज्याला सोडायला लागलं त्याला आधी कोणी इचारलं होतं का? कागदावर जाहिरात लिहिली तेव्हा माह्या पगाराचं काय ते कोणी इचारलं न्हाई. पगार हाये तो. पुरा पाहिजे." त्याने सही केली. मग गठ्ठ्यातून दोन नोटा काढून काकूंच्या हातावर ठेवल्या. "ही पुढच्या हंगामाची वर्गणी. पहिला महिना. पावती द्या."

"आता?" काकू म्हणाल्या. "पावतीपुस्तक जालन्याला राह्यलं."

"मंग माहं नाव लिहून घ्या. नंबर नका लिहू. नंबर लिहिला की पोलीस येतेत."

दाखल्याचा आणि पैसे घेतल्याचा फोटो लीगला ऑनलाइन पाठवायचा होता. रानात नेटवर्क नव्हतं. गावाच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळतं असं कळलं. मास्तर टाकीच्या जिन्यावर अर्ध्यापर्यंत चढले, मी खाली उभा राहून त्यांचा चष्मा आणि पिशवी सांभाळली. रिकामी पिशवी होती, म्हणून काकूंनी दिली. दुपारी दीड वाजता कागद पोचल्याचा निरोप आला. साडेतीन तास हातात राहिले होते. मास्तर जिना उतरताना हसत होते आणि चष्म्याशिवाय पायरी शोधत होते.

क्लब लीगमध्ये राहिला. माझ्या केसचा 'क' समरी अहवाल गेला, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून फाइल बंद. अध्यक्षावर मास्तरांच्या तक्रारीवरून वेगळा गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडे दिला नाही, हे वरिष्ठांचं शहाणपण. लीगने त्याला पदावरून काढलं. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पुढच्या हंगामात क्लबने बाहेरचा एकही खेळाडू घेतला नाही. कुंभार पिंपळगाव, धावडा अशा गावांची पोरं आणि मिलचे कामगार, जेवढं येईल तेवढ्यातच. शेवटून तिसरे आले. पण दर महिन्याच्या सात तारखेला मानधन झालं, आणि मैदानावरचा तो बियाण्यांचा फलक उतरवून त्याचा पत्रा गळक्या खोलीवर टाकला.

या केसने मला काय शिकवलं? जुगाऱ्याची आणि सज्जनाची वही पहिल्या नजरेला सारखीच दिसते. पोलिसाने शेवटची ओळ वाचावी. खबर देणाऱ्याला 'कुणी सांगितलं' हे दोनदा विचारावं. आणि चौतीस वर्षं मी समजत होतो की जिथे पैसा जमतो तिथे प्रत्येकजण घ्यायलाच आलेला असतो. त्या पत्र्याच्या खोलीत चाळीस माणसं महिन्यामागून महिना द्यायला येत होती, आणि एकजण आपल्या हक्काचं पुरतं मागत बसला होता. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर नांदत होत्या. नियम कडक होता, पण त्या नियमानेच गोलकीपरचा पगार वाचवला. नाहीतर क्लब पुढे चालू राहिला असता आणि तो गावी मका मोडत बसला असता. कायदा माणसाच्या बाजूने उभा राहिलेला पाहिला की बरं वाटतं, जरी त्या वेळी आपण समोरच्या बाजूला उभे असलो तरी.

निवृत्तीनंतर मी क्लबचा वर्गणीदार झालो. पहिल्याच वार्षिक सभेला कार्यकारिणी निवडायची होती. मास्तरांनी मोठ्या मनाने माझं नाव सुचवलं. म्हणाले, साहेबांना कायदा कळतो, कागद कळतात, आता वेळही आहे, तर खजिनदार त्यांनाच करू. दोन-चार जणांनी माना हलवल्या. मी नम्रपणे खाली बघत होतो, नको म्हणायची तयारी करत होतो, म्हणजे दुसऱ्यांदा आग्रह झाला की हो म्हणता आलं असतं.

मागच्या रांगेतून काकू उठून उभ्या राहिल्या. "साहेबाला दुसरं कोणतंबी काम द्या," त्या म्हणाल्या. "पैशाचं देऊ नका. त्याहीला नोटा दिसल्या की ते पंच बोलावतेत."